ओळखलं त्यानं सांभाळायचं

१

सकाळचे अकरा म्हणजे आमच्याकडे खेळाची वेळ. तोवर भांडी घासून पालथी पडलेली असतात, धाकटीच्या गोळ्या आणि डोळ्यांतले थेंब झालेले असतात, आणि खिडकीतलं ऊन सरकत सरकत तिसऱ्या फरशीपर्यंत आलेलं असतं. धाकटी भिंतीलगतच्या बाकावर बसते, मी समोर खुर्चीत. माझ्या डाव्या बाजूला वेताचं एक स्टूल आहे. त्यावर कुणी बसत नाही, वेत जुना झालाय. माझ्या मांडीवर कार्डांचा गठ्ठा, धाकटीच्या मांडीवर बिस्किटांचा रिकामा डबा.

धाकटी माझी सख्खी बहीण, सहा वर्षांनी लहान. पाच वर्षांपूर्वी तिची नजर गेली. पूर्ण गेली. दिवा लावला की विझवला हेही तिला बटणाच्या आवाजावरून कळतं. तेव्हापासून ती माझ्याकडे आहे.

खेळ असा. एका कार्डावर एका मूलद्रव्याच्या तीन खुणा. पहिली अवघड, दुसरी बरी, तिसरी शेंबड्या पोरालाही यावी अशी. पाठीमागे बारीक अक्षरात नाव. मी खूण वाचायची, तिनं ओळखायचं. ओळखलं तर मी ‘बरोबर’ म्हणायचं आणि कार्ड तिच्या डब्यात. नाही आलं तर तिनं ‘हरले’ म्हणायचं.

“वाकवलं की रडतं,” मी म्हणते.

“कथील. का नाही रडणार, तुझ्या हाताखाली दिवस काढलेत त्यानं.”

“बरोबर. पृथ्वीवर सापडण्याआधी सूर्यावर सापडला.”

“हेलियम. जरा अवघड घाल गं, झोप येतेय.”

कार्डं मी स्वतः केली आहेत. कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात मी बाटल्या धुणारी म्हणून लागले आणि स्टोअर सांभाळणारी म्हणून बाहेर पडले. मध्ये छत्तीस वर्षं. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं बाटल्यांवरच्या लेबलांनी शिकवलं. लेबलं मात्र टिकत नसत. आम्लाच्या वाफेनं कागद खाल्ला जाई आणि फळीवर मुकी बाटली उरे. अशा बाटलीसाठी विभागाचा नियम होता: ज्यानं ओळखली त्यानं सांभाळायची. नवं लेबल लावायचं, खाली आपली सही करायची, मग त्या बाटलीचं जे काही होईल ते त्याच्या माथी. त्यामुळे भलेभले प्राध्यापक बाटली हातात घेऊन, हुंगून, उजेडात धरून म्हणायचे, “छे, सांगता येत नाही बुवा.” येत असे त्यांना. सही करायला हात धजत नसे. मी करायची. मी निवृत्त झाले त्या दिवशी सदुसष्ट बाटल्या माझ्या सहीच्या होत्या, आणि त्यातली एकही चुकीची निघाली नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. फुशारकी असती तर विभागप्रमुखांच्या किती चुकीच्या निघाल्या तेही सांगितलं असतं.

तर मूलद्रव्यं एकशे अठरा, म्हणून कार्डं एकशे अठरा. खेळ संपला की मी मोजून रबर लावते. तो मंगळवार होता. मोजली तर एकशे एकोणीस.

पुन्हा मोजली. पुन्हा एकशे एकोणीस.

२

जास्तीचं कार्ड शोधायला वेळ लागला नाही. बाकी सगळ्यांचे कोपरे हाताळून मऊ झालेत, याचे करकरीत होते. पुठ्ठा तोच, जुन्या हजेरीपटांच्या पाठीचा. शाई तीच. अक्षर माझं. मी ‘झ’ कसा काढते ते मला माहीत आहे, तसा दुसरं कुणी काढत नाही, काढू नये. कार्डावर तीन ओळी होत्या. मी फक्त पहिली वाचली. खेळताना मी एक पट्टी ठेवून एकेक ओळ उघडते, म्हणजे माझीही परीक्षा होते. ती सवय हातात बसली आहे.

पहिली खूण होती: *डब्यात ठेवलं तर डबा भरत नाही, झाकण मात्र बसत नाही.*

मी एकेक मूलद्रव्य लावून पाहिलं. वायू म्हणावा तर झाकणाचा प्रश्न येत नाही. धातू म्हणावा तर डबा भरतो. एकशे अठरा घरं आहेत, सगळी भरलेली आहेत, आणि यातलं कुणी त्या खुणेत बसत नव्हतं. कार्ड उलटलं. नावाची जागा कोरी.

सरळ विचार केला तर एकच निघत होतं. हे कार्ड मी लिहिलं आणि विसरले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. दोन महिन्यांपूर्वी मी धाकटीच्या डोळ्यांत कानाचे थेंब घातले होते. बाटल्या सारख्याच असतात हो, पण मी बाटल्यांच्या बाबतीत चुकावं? धाकटीचा मुलगा धावत आला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. उभा जन्म वर-खाली करण्यात गेला, अक्कल मात्र एकाच मजल्यावर. तो दारातच म्हणाला, “मावशी, हे एकदा झालं. पुन्हा एकदा असं काही विसरलीस ना, की मी आईला घेऊन जाणार.”

“कुठे? तुझ्या त्या दीड खोलीत? तुम्ही दोघं दिवसभर कामावर, आणि हिला दाराला बाहेरून कुलूप?”

“कुलूप परवडलं, कानाचे थेंब नकोत.”

मी थेंबांची बाटली उचलून कपाटात ठेवली.

म्हणून कार्डाबद्दल मी कुणाला सांगितलं नाही. मी गप्प का राहिले ते कळावं म्हणून हे लिहिलं, पुढचं त्यातूनच झालं.

३

मी एक युक्ती काढली. कार्डं लिहिली तेव्हा प्रत्येक खूण मी धाकटीला मोठ्यानं वाचून दाखवली होती. तिची स्मरणशक्ती तिच्या डोळ्यांसारखी नाही, धारदार आहे. तेव्हा ते कार्ड गठ्ठ्यात मिसळून तिच्यापुढे वाचायचं. ती म्हणाली, “हे कुठलं गं, हे नव्हतं कधी,” तर कार्ड नवीन, म्हणजे मी हल्लीच लिहिलं, म्हणजे माझं डोकं गेलं. आणि तिनं ओळखलं, तर कार्ड जुनं, फक्त माझ्या ध्यानातून गेलेलं. एखादं कार्ड कुणाच्याही ध्यानातून जातं.

बुधवारी अकरा वाजता बसलो. चार कार्डं सरळ गेली. पाचवं तेच.

“डब्यात ठेवलं तर डबा भरत नाही,” मी वाचलं, “झाकण मात्र बसत नाही.”

धाकटी थांबली. हनुवटी थोडी वर करून, शेजारच्या घरात कुणी बोलत असलं की ऐकते तशी. मग हसली. “अगंबाई! हे होय!”

आणि तिनं नाव सांगितलं.

माझे कान शाबूत आहेत. शब्द ऐकू आला, स्पष्ट. लहानसा होता, शेवटाला जड. माझ्या मनात आलं, खरंच की, किती सोपं. आणि तेवढ्यात, पाण्याखालची साबणाची वडी हातातून निसटावी तसा तो गेला. एवढंच उरलं की आत्ता इथे एक शब्द होता.

“बरोबर ना?” धाकटी म्हणाली.

मी कार्ड उलटलं. कोरं.

“ताई? बरोबर ना?”

तेव्हा मी काय करायला हवं होतं ते मला ठाऊक आहे. स्टोअरमध्ये पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, बाटलीत काय आहे हे स्वतः पाहिल्याशिवाय लेबलावर सही नाही. मी पाहिलं नव्हतं. मला नाव माहीत नव्हतं, ऐकूनसुद्धा माहीत नव्हतं. पण ‘मला ठाऊक नाही’ असं म्हटलं असतं तर रविवारी ते धाकटीच्या तोंडून भाच्याच्या कानावर गेलं असतं. ती बोलभांड आहे, पोटात काही राहत नाही.

“बरोबर,” मी म्हटलं.

“मग आण इकडे.”

तिनं हात पुढे केला, मी कार्ड दिलं, तिनं ते डब्यात टाकलं आणि झाकण दाबलं. झाकण बसलं नाही. डब्यात पाच कार्डं होती. तिनं दोन्ही तळव्यांनी दाबून पाहिलं, मग हसून झाकण बाजूला ठेवलं.

“राहू दे,” ती म्हणाली. “उघडंच बरं.”

४

गुरुवारी सकाळी धाकटी बाकाच्या मध्यभागी बसायची ती कडेला बसली. मी कारण विचारलं तर म्हणाली, “जागा व्हायला नको का?” आवाज नेहमीचा, जसं काही मीच वेड्यासारखं विचारलं.

माझी समजूत अशी की म्हाताऱ्या घराला आवाज असतात. लाकूड फुगतं, नळ खाकरतो. बाकाची डावीकडची फळी करकरली की धाकटी डावीकडे झुकलेली असते, हे मला झोपेतही कळतं. त्या दिवशी ती उजव्या कडेला होती आणि फळी डावीकडची करकरली. एकदाच. मी त्यावर विचार केला आणि स्वयंपाकघरात गेले. डाळ उतू जात होती.

शुक्रवारी ती म्हणाली, “ताई, स्वेटर उलटा घातलायस.”

मी पाहिलं. उलटा होता. शिवण हाताला लागली असेल म्हणावं, तर तिनं मला हात लावला नव्हता.

“तुला काय ठाऊक?”

“आणि केस पार पांढरे झाले गं तुझे. पाच वर्षांत एवढे?”

मी खुर्चीत बसले. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिचे डोळे होते तसेच, दुधाळ, समोरच्या भिंतीवर. फक्त मान किंचित वळलेली, कुणी कानाशी बोलत असावं तशी, आणि बोलणं संपेपर्यंत ती थांबायची, मग मला सांगायची.

रविवारी भाचा आला. मी काही बोलायच्या आत धाकटी म्हणाली, “राखाडी शर्ट. खिशाला ग्रीस लागलंय रे, धुवायला घालत जा.”

त्यानं खिशाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “मावशी, तू सांगितलंस.”

“मी आत्ता तुझ्याबरोबर पाहतेय तो शर्ट.”

त्यानं मला स्वयंपाकघरात पाठवलं, दार ओढून घेतलं. दारामागून मी ऐकत होते.

“आई, किती बोटं?”

“तीन.”

“आता?”

“एकही नाही, मूठ आहे. आणि अंगठा आत घेऊ नकोस, लहानपणापासून सांगतेय.”

मग तो रडतोय असं वाटलं. पन्नाशीचा माणूस आईच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडतो तेव्हा आवाज फार बारीक येतो. “आई, तुला दिसतंय? उद्या डॉक्टरकडे जाऊ. आई, खरंच दिसतंय?”

“मला कुठलं दिसतंय, राजा. ते सांगतं मला.”

“कोण?”

“हे काय, इथे.” तिनं बाकावर थोपटल्याचा आवाज आला. लाकडावर थोपटल्यासारखा तो नव्हता. “ताईला विचार. तिनंच ‘बरोबर’ म्हटलं.”

भाचा बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. पावलांवरून कळलं होतं, तो बाकाच्या त्या बाजूनं आला नाही, खोलीला वळसा घालून आला. मी ते टिपून ठेवलं.

“दोन म्हाताऱ्या एकत्र कोंडून घेतल्या की हे असं होतं,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “तू तिचं डोकं फिरवलंस. पुढच्या रविवारी नेतो. सामान बांधून ठेव.”

“आणि बोटं? ती मी कशी सांगितली, दाराआडून?”

“मला ठाऊक नाही, मावशी,” तो म्हणाला. “मला ठाऊक करूनही घ्यायचं नाही.”

विभागात तो असता तर प्राध्यापक झाला असता.

५

सोमवारी धाकटीला कथील आलं नाही.

“वाकवलं की रडतं,” मी म्हटलं, आणि ती नुसतीच बसून राहिली. तीन खुणा दिल्या. “हरले,” ती म्हणाली, काहीच न वाटल्यासारखी. मंगळवारी पारा गेला, गंधक गेलं, सोनं गेलं. सोनं! दुपारी मी तिच्या नवऱ्याचं नाव काढलं तर म्हणाली, “कोण ते?” खिडकीतून रस्त्यावर काय चाललंय ते मात्र घडाघडा सांगत होती. हिरवी सायकल, तिचा मालक चेन बसवतोय, त्याच्या डाव्या बुटाची नाडी सुटलीय. आम्ही तिसऱ्या मजल्यावर आहोत आणि ती खिडकीकडे पाठ करून बसली होती.

बुधवारी सकाळी मी तिला थेंब घालायला गेले. ती म्हणाली, “हळू हं, बाई. तुम्ही नवीन आहात का?”

मी थेंब घातले. डोळ्यांचेच. दोनदा वाचून.

मग तिच्या डब्यातून ते कार्ड काढलं. तिनं अडवलं नाही. पट्टी एका ओळीनं खाली सरकवली आणि दुसरी खूण वाचली.

*जिथे येतं, तिथलं एकेक बाहेर जातं.*

हे मला समजलं. समजायला नको होतं असं आता वाटतं, पण समजलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना हा प्रयोग असे आणि त्याची भांडी मी धुतली आहेत, वर्षाला दोनशे. मोरचुदाचं निळंशार पाणी घ्यायचं, त्यात लोखंडी खिळा सोडायचा. थोड्या वेळानं खिळ्यावर तांबूस थर चढतो आणि पाण्याचा निळा रंग उतरत जातो. लोखंड पाण्यात शिरतं, तांबं बाहेर पडतं. भांडण नाही, आवाज नाही. जो जोरदार तो आत, दुसऱ्यानं जागा सोडायची. शेवटी पाणी असतं तितकंच असतं, भांडं तेच असतं. फक्त ते मोरचुदाचं पाणी नसतं.

रविवारी भाचा तिला नेणार. ते तिच्याबरोबर जाणार, कारण ते तिच्या नावावर होतं. त्या दीड खोलीत, बाहेरून कुलूप लावून, ती दिवसभर त्याच्या शेजारी. रविवारनंतर किती दिवस पुरली असती माझी धाकटी? मी हिशेब केला नाही. एवढ्या हुशारीची गरज नव्हती.

बाटली एकाच्या सहीची असली तरी दुसऱ्याला ती स्वतःकडे घेता येत असे. त्यानं ती नव्यानं ओळखायची. आधीच्यानं ‘बरोबर’ म्हणायचं. मग आधीची सही खोडून त्याची. माझ्या जागी आलेल्या मुलीला मी सदुसष्टच्या सदुसष्ट ओळखायला लावल्या होत्या, दोन दिवस लागले, रडकुंडीला आली बिचारी. नियम म्हणजे नियम.

तेव्हा रस्ता होता. फक्त मला नाव सांगता यायला हवं होतं.

“धाकटे,” मी म्हटलं, “नाव पुन्हा सांग.”

तिनं सांगितलं. गेलं. पुन्हा सांग म्हटलं, पेन्सिल टेकवून बसले. कागदावर एक रेघ उमटली आणि पेन्सिल कुठे थांबली ते कळलं नाही. असं अकरा वेळा केलं. बाराव्या वेळी ती म्हणाली, “बाई, ऐकून नाही येत ते. ओळखावं लागतं.”

६

गुरुवारी अकरा वाजता आम्ही नेहमीसारख्या बसलो. ऊन तिसऱ्या फरशीवर होतं. रस्त्यावर कुणीतरी भंगाराची गाडी ढकलत होतं, तिचं एक चाक किरकिरत होतं. मी हे सगळं मुद्दाम मनात नोंदवलं. घाबरलेला माणूस चुकीचं लेबल लावतो.

पट्टी शेवटच्या ओळीवरून काढली. तिसरी खूण नेहमी सोपी असते, ती मीच तशी ठेवते.

*वाचताना तुझ्या डाव्या हाताला असतं.*

अक्षर माझंच. ‘तुझ्या’मधला ‘झ’सुद्धा.

मी डावीकडे पाहिलं नाही. समोर पाहिलं. धाकटी बाकावर एकटी, मध्यभागी बसली होती. म्हणजे बाकावर आता कुणाला जागा करायची गरज नव्हती. तिचं तोंड माझ्या दिशेला होतं, पण माझ्यावर नव्हतं. वीतभर बाजूला होतं.

वेत करकरला.

जुन्या स्टुलावर कुणी बसलं की वेत आधी ताणतो, मग एकदम खाली जातो. हा हळूहळू गेला, थांबत थांबत, जसं कुणी पूर्ण भार टाकावा की नाही हे ठरवतंय. भंगाराची गाडी लांब गेली. माझं मन मला सांगत होतं, उन्हानं वेत तडतडतो. मी मनाला म्हटलं, ऊन तिसऱ्या फरशीवर आहे, स्टूल पाचव्या. मन गप्प बसलं. वादात मला मनही हरवू शकत नाही.

मग मी खाली पाहिलं. फक्त स्टुलाच्या बैठकीकडे, वर नाही. वेताला खळगे पडले होते. बसणाऱ्या माणसाचा एक पडतो, मोठा, मधोमध. हे लहान होते, खोल, टोकं टेकवल्यासारखे, आणि एकाहून जास्त. मी मोजले. मोजायची सवय वाईट. आकडा इथे लिहीत नाही. त्यातला एक खळगा मी पाहत असताना माझ्या बाजूनं सरकला.

आणि नाव आलं. डोक्यात नव्हे, तोंडात. दात हलायला लागल्यावर जीभ सारखी तिकडे जाते तसं. छत्तीस वर्षांत मी जेवढ्या बाटल्या ओळखल्या त्या अशाच ओळखल्या, आधी तोंडाला कळायचं, मग मला.

मी ते नाव मोठ्यानं उच्चारलं.

धाकटी दचकली. तिचे ओठ हलले. तिला ‘चूक’ म्हणता आलं असतं. माझ्या आणि तिच्याशिवाय कोण होतं तपासायला? ती तिथे बसून हिरवी सायकल बघत राहिली असती. पण धाकटीनं आयुष्यात कधी खेळात खोटेपणा केला नाही. तो माझा प्रांत.

“बरोबर,” ती हळूच म्हणाली. “बरोबर, बाई.”

स्टुलावरचा वेत वर आला नाही.

थोड्या वेळानं धाकटीनं दोन्ही हात पुढे करून हवेत चाचपलं. “ताई? अगं ताई, दिवा गेला का?”

“सकाळ आहे.”

“मग अंधार का झाला?” तिला कळलं. मला वाटलं होतं ती मला बिलगेल. ती म्हणाली, “दिसत होतं मला. पाच वर्षांनी रस्ता दिसत होता, ताई. तुला कुणी सांगितलं होतं?”

मी गठ्ठ्यातून एक कार्ड ओढलं. “पाण्याखाली ठेवतात, अंधारात चमकतो.”

“मला नाही खेळायचं.”

“सांग.”

“फॉस्फरस,” ती नाक ओढत म्हणाली. “फॉस्फरस, फॉस्फरस. झालं समाधान?”

मी कार्ड उलटून पाठीमागचं नाव वाचलं. मग म्हटलं, “बरोबर.”

या कार्डाची पाठ मी पाच वर्षांत कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी पाहिल्याशिवाय मला सांगता आलं नसतं.

७

रविवारी भाचा भांडायच्या तयारीनं आला. बाह्या दुमडलेल्या, वाक्यं पाठ केलेली.

“बॅग बांधलीय,” मी म्हटलं. “डोळ्यांचे थेंब निळ्या झाकणाचे, कानाचे पांढऱ्या. लेबलं मोठी करून लावलीत. ने तिला.”

तो बघतच राहिला. “तू... काही म्हणणार नाहीस?”

“काय म्हणू? माझं डोकं हल्ली चालत नाही. गॅस चालू ठेवते. खुणा विसरते.”

यातलं गॅसचं खोटं होतं.

हे वाक्य बोलायला मला किती जड गेलं ते त्याला कळणं शक्य नव्हतं. धाकटीला कळलं असावं. चार दिवस ती माझ्याशी धड बोलली नव्हती, तोंड भिंतीकडे करून बसली होती. ते वाक्य ऐकून तिनं मान वळवली.

“तिला एकटीला सोडून?” ती मुलाला म्हणाली.

“मावशीसाठी बाई बघतो ना मी कामाला.”

“नको,” मी म्हटलं. “माझ्याकडे कुणी यायला नको. तूही वर येत जाऊ नकोस. फोन कर.”

आम्ही जिन्यापाशी आलो. भाच्यानं बॅग लिफ्टमध्ये ठेवली, आईचा हात धरून तिला आत घेतलं. त्या पेटीवर चार माणसांची परवानगी लिहिलेली आहे. धाकटीनं मोकळा हात माझ्या दिशेनं पुढे केला. “खालपर्यंत तरी ये, ताई.”

मी आत पाय ठेवला. आणि थोड्या वेळानं, दाराला हात लावायच्याही आधी, लिफ्टची घंटा वाजायला लागली. भार जास्त झाला की वाजते ती, कर्कश, न थांबणारी.

“हॅ!” भाचा म्हणाला. त्यानं पायानं जमीन दाबून पाहिली, बटणं पाहिली, छताकडे पाहिलं. धंदाच त्याचा तो. “आपण तिघं, त्यात एक बॅग. आणि तू तर चिपाड. काहीतरी बिघडलंय.”

मी बाहेर आले. घंटा लगेच थांबली नाही. दोन-तीन श्वास वाजत राहिली, मग थांबली.

धाकटीचा हात हवेत तसाच होता. तिनं तो सावकाश मागे घेतला आणि छातीशी धरला. तिला दिसत नव्हतं, पण ऐकायला तिच्याइतकं कुणाला येत नाही.

“राजा,” ती म्हणाली, “दार लाव. लवकर लाव.”

लिफ्ट खाली गेली. दुसरा मजला, पहिला, तळ. दार उघडल्याचा आवाज, भाच्याचं काहीतरी बोलणं, धाकटीची काठी फरशीवर, टक, टक, बाहेरपर्यंत. तिच्याबरोबर दुसरं काही चाललेलं ऐकू आलं नाही. मी कठड्याला धरून तेवढं पक्कं केलं.

मग घराशी आले. दार उघडलं, आत गेले, आणि कडी लावण्याआधी दार हातानं धरून उभी राहिले. एका माणसाला आत यायला लागतो, त्याहून थोडा जास्त वेळ.